तीन दिवसांचं सुतक

हात कपाटात गेला, साड्यांच्या चळतीखालून पार फळीच्या टोकापर्यंत फिरला आणि रिकामाच बाहेर आला. तेव्हा कुठं वैजयंतीच्या ध्यानात आलं की आपण पासपोर्ट शोधतोय. तो तिथं नाही हे तिला ठाऊक नव्हतं का? तिनंच तर तो मागच्या महिन्यात जाड पाकिटात घालून स्टेशन रोडच्या कुरिअरवाल्याकडं दिला होता. "आत काय हाय, वैनी?" त्यानं विचारलं, आणि ती म्हणाली होती, "कागद." पण हाताला हे कोण सांगणार. इतक्या वर्षांत हात एकच वाट शिकला होता: तिकडून काही वाईट कानावर आलं की आधी कपाट, मग साड्यांखालचं ते निळं पुस्तक, मग बाकीचं सगळं. वडील गेले तेव्हा हात असाच गेला होता आणि भरून आला होता. आज तो तिच्यापुढं नुसता पसरलेला राहिला, आणि तिला त्याची उगीच लाज वाटली. तिनं कपाट लावलं. कुलूप घालायची काही गरज नव्हती, तरी घातलं.

फोन नागेशचा होता, तिच्या भावाचा. "आई गेली" एवढंच तो मराठीत म्हणाला आणि पुढचं सगळं क्रेओलमध्ये, तिकडच्या रोजच्या बोलीत. रडू आलं की त्या घरात सगळ्यांची भाषा बदलायची. झोपेतच गेली, दुपारी नेणार, तू... आणि तिथं तो थांबला, कारण त्याला ठाऊक होतं. वैजयंती मॉरिशसची. होती म्हणायचं की आहे म्हणायचं, हाच तर घोळ. पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर करारानं गेलेले; तेव्हापासून घरात देव मराठी, आरत्या मराठी आणि भांडणं क्रेओल. मराठी नीट शिकावी म्हणून ती शिष्यवृत्तीवर पुण्याला आली, तिथं परभणीचा मल्लेश भेटला, आणि पुस्तकातली मराठी राहिली बाजूला, ती भलतीच मराठी शिकून बसली. लग्नानंतर पहिल्या वर्षी मोंढ्यातली, मल्लेशच्या धान्यबाजारातली, माणसं काहीतरी निमित्त काढून घरी यायची, परदेशची सून पाहायला, आणि हिरमुसून परत जायची. सावळी, आपल्यासारखीच, वर नावसुद्धा वैजयंती. एकानं तर मल्लेशला विचारलं म्हणे, "एवढ्या लांबून आणायची तर हीच आणली का?" ती गोष्ट घरात अजून सांगतात आणि ती अजून हसते. आज मात्र ती पलंगाच्या कडेवर बसून आपल्या मनगटाकडं बघत राहिली.

इकडचं नागरिकत्व घ्यायचं तिनंच ठरवलं होतं, हे तिनं स्वतःला बजावलं. कुणी मानगुटीवर बसून घ्यायला लावलं नव्हतं. मल्लेशनं पिंगळीजवळ शेत घेतलं ते तिच्या नावावर करता येईना, दर निवडणुकीला सगळ्या घराच्या बोटाला शाई आणि तिचंच बोट कोरं, आणि दरवर्षी मुक्कामाची मुदत वाढवायला पोलिस कचेरीत खेटे. "एकदाचं मिटवून टाकू," मल्लेश म्हणाला, आणि तिलाही तेच हवं होतं. कचेरीत माणिकराव नावाचे एक हवालदार होते. ते तिची फाइल काढणार, चष्मा पुसणार आणि विचारणार, "हं, गाव?" ती म्हणणार, "कास्काव्हेल." "लय अवघड नाव हाय बगा तुमच्या गावचं. पाऊसपाणी कसं काय तिकडं?" माणिकरावांना तिकडच्या पावसाशी काय देणंघेणं, पण सबंध परभणीत तिच्या गावाचं नाव मोठ्यानं घ्यायला लावणारं तेवढं एकच टेबल होतं. मग कलेक्टर कचेरीत शपथ झाली. तिनं ती एका दमात वाचली, कुठं अडखळली नाही, मल्लेशनं पेढे वाटले आणि माणिकराव म्हणाले, "वैनी, सुटलात. आता इकडं फिरकायचं काम न्हाई." खरंच सुटली ती. त्यानंतर गाव कुणी विचारलं नाही. राहिला होता तो तिकडचं नागरिकत्व सोडल्याचा, पासपोर्टसोबत वकिलातीकडं धाडायचा कागद. मी माझ्या राजीखुशीनं, असं काहीतरी इंग्रजीत होतं त्यात. सही करताना काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं, निदान हात थांबेल. त्याऐवजी कुकरची शिट्टी झाली आणि तिनं उठून गॅस बारीक केला.

मल्लेश दारात उभा होता. आंघोळ झालेली, कपाळावर विभूती, खिशात आडतीच्या दुकानाच्या किल्ल्या. त्याला काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि सुचत नसलं की तो कामाचं बोलायचा. "इकडच्या पासपोर्टला पोलिसांची चौकशी तेवढी व्हायची राहिलीय. माणिकरावला बोलू का?" ती म्हणाली, "बोला." "पण दुपारीच नेणार म्हणल्यावर..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि मऊ आवाजात म्हणाला, "जुना हातात असता तरी पोचली नसतीस गं. मुंबईलाच उद्याची सकाळ झाली असती." खरं होतं ते. खरं असलेल्या गोष्टीचा राग कुणावर काढायचा? पण तिला आईचा चेहरा बघायला जायचंच नव्हतं. तिला नंतरसाठी जायचं होतं. भावजयीशेजारी चटईवर बसायला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडून आई कशी होती ते पुन्हा पुन्हा ऐकायला, लोकांत आईची लेक म्हणून ओळखलं जायला. हे त्याला कसं सांगावं याची जुळवाजुळव ती करत होती तेवढ्यात तो म्हणाला, "जाऊ का थांबू? सोयाबीनची आवक लय वाढलीय." ती म्हणाली, "जा." म्हणताना तिला वाटलं, यानं हे ऐकू नये. त्यानं ऐकलं. स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत ती कान देऊन होती. अनुपमाचा, तिच्या लेकीचा, बंगळूरहून फोन आला, "मम्मी, मी येऊ का?" तिलाही ती म्हणाली, "नको गं, सुट्टी वाया जाईल." एकटं पडायला माणूस स्वतःच किती मदत करतं.

मग अव्वा आल्या. अव्वा म्हणजे तिच्या सासूबाई, गंगम्मा. चुडावा गावच्या लेक, लिंगायतांच्या कडक घरात वाढलेल्या आणि त्याहून कडक घरात दिलेल्या. रोजची लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेणार नाहीत. त्या तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "झोपंतच गेल्या न्हवं? बरं झालं माय. कुणाच्या हातून करून घेतलं न्हाई." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "ऊठ. डोक्यावरनं पाणी घे, पूजा कर आन् चार घास खा. आपल्यात सुतक नसतंय." समजूत घालायलाच म्हणाल्या त्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अंगावर लिंग आहे त्याला कशाचा विटाळ? जन्माचा नाही, मरणाचा नाही, बाईच्या महिन्याचा नाही. सासरे गुरुसिद्धप्पा गेले तेव्हा सकाळी त्यांना रीतीप्रमाणं मातीत बसवून पुरून आले, आंघोळी केल्या, सांजेला पूजा करून घर जेवलं आणि दुसऱ्या दिवशी आडत उघडली. वैजयंतीला तेव्हा त्याचं किती कौतुक वाटलं होतं. केवढी मोकळी माणसं, असं ती नागेशला फोनवर सांगत सुटली होती.

लग्नाच्या वेळी स्वामींनी तिच्या गळ्यात लिंग बांधलं, कानात मंत्र सांगितला. कानाला त्यांची दाढी टोचली होती, एवढंच तिला आता नीट आठवतं. महिनाभरानं पाळी आली तेव्हा ती माहेरच्या सवयीनं गुपचूप कोपऱ्यात जाऊन बसली. अव्वांनी हाताला धरून तिला चुलीपुढं आणलं. "चल, भाकरी थाप. कावळा आमच्या वाड्यात येत न्हाई." ती आनंदानं वेडी झाली होती. रविवारच्या फोनवर आईला म्हणाली, "आई, इथं काहीच पाळत नाहीत. विटाळ नाही, सुतक नाही, काही नाही." आई पलीकडं हसली. "काहीच नाही? मग मी मेल्यावर गं?" दोघी हसल्या. आई पुढं म्हणाली, "लेकीला तीनच दिवसांचं असतं. तेवढं तरी धर बाई माझं." आणि हसता हसताच वैजयंती म्हणाली होती, "धरीन." त्या वयात माणूस काय वाट्टेल ते कबूल करतं. आईनं पुढं तो विषय कधी काढला नाही. पण पलंगाच्या कडेवर बसल्या बसल्या तिला तो फोन आठवला, आणि मॉरिशसच्या पोरीकडून आता एवढी एकच गोष्ट व्हायची राहिलीय, तीही झाली नाही तर आपण तिकडच्या कुणीच नाही, हे तिला आरपार कळलं.

तिनं डोक्यावरून गार पाणी घेतलं. देवघराकडं गेली नाही, विभूती लावली नाही, गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीला हात लावला नाही. मागच्या खोलीत, ज्वारीच्या कोठीशेजारी, चटई टाकली आणि तिच्यावर बसली. सुतकात पूजा करायची नाही, आणि या घरात पूजेशिवाय खायचं नाही, म्हणजे उपास आलाच. तो आपोआप आला याचं तिला बरं वाटलं. आता सुतक सुरू झालं. पण सुरू झालं हे ओळखायचं कशावरून? सुतक हे काही एकट्यानं करायचं काम नाही, हे तिला चटईवर बसल्यावर समजलं. तिकडं आता अंगणात खुर्च्या मांडल्या असतील. शेजारपाजारची माणसं काळी कॉफी पीत पत्ते खेळतील, मयताच्या घरी जागताना तिकडं पत्ते खेळतात. भावजयीला कुणी शिवणार नाही, लांबूनच ताट सरकवतील, आणि ते ताट लांबून सरकवणं म्हणजेच तुझं माणूस गेलंय हे कबूल करणं. इथं कोण सरकवणार? बाहेर भाजीवाला मेथी मेथी ओरडत गेला. शेजारच्यांची टाकी भरून वाहिली आणि कुणीतरी मोटार बंद करायला धावलं. सबंध परभणीत एका बाईला सुतक होतं आणि ते परभणीला ठाऊक नव्हतं.

खिडकीतून रस्त्याचा एक तुकडा दिसायचा. तिथून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, कारखान्याच्या दिशेनं, ट्रॅक्टरवर गाणी लावलेल्या. आई कोडी घालायची. तिकडं कोडं घालायची रीत अशी की घालणारीनं म्हणायचं "सिरांदान?" आणि ऐकणाऱ्यानं म्हणायचं "सांपेक." त्याशिवाय कोडं पुढं सरकतच नाही. उभं पाणी? ऊस. लोंबतं पाणी? नारळ. तीच ती कोडी, तीच उत्तरं, सगळ्यांना पाठ, तरी दर वेळी आई उत्तराची वाट बघायची, जणू आज काही वेगळं निघेल. अनुपमा लहान असताना म्हणायची सांपेक. मग शाळा लागली, मग क्लास लागले. रविवारच्या फोनवर आई आणि ती म्हातारपणीसुद्धा हा खेळ खेळायच्या. वैजयंतीनं खोलीत हळूच म्हणून पाहिलं, "सिरांदान?" आपलाच आवाज तिला परक्या बाईचा वाटला. क्रेओल बोलणारं आता या गावात एकच माणूस होतं, आणि त्याच्याशी बोलायला रविवारसुद्धा उरला नव्हता. नागेश आहे, तो करील फोन. पण नागेशला कोड्यांची आवड नाही. रस्त्यावरून उभं पाणी आडवं होऊन चाललं होतं, ट्रॉलीमागून ट्रॉली. ती बघत राहिली.

दूध घालायला भिवराबाई आली, धनगराची. गावाच्या कडेला त्यांची मेंढरं-शेळ्या असत, आणि अव्वांच्या गुडघ्यासाठी ती रोज शेळीचं दूध आणायची. सरळ मागच्या दारानं यायची तिची सवय. आत पाऊल टाकता टाकता तिनं चटई पाहिली, मोकळे ओले केस पाहिले, कोरं कपाळ पाहिलं आणि पाऊल मागं घेतलं. "कोण गेलं, वैनी?" वैजयंती म्हणाली, "आई." भिवराबाईनं चुकचुकत गाडगं उंबऱ्याच्या अलीकडंच ठेवलं आणि बोटानं आत सरकवलं. "आरारा. मंग तुमाला शिवायचं न्हाई आता. लांबूनच पडते पाया." आणि खरोखरच तिनं लांबूनच हात जोडले. वैजयंतीचे डोळे भरून आले. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी तिला टाळलं होतं. भिवराबाईनं आणखी जरा वेळ तिथंच लांब उभं राहावं असं तिला वाटलं, पण तेवढ्यात आतून अव्वांचा आवाज आला. "काय शिवायचं न्हाई गं? लिंगायताच्या घरात कसलं शिवणं? आण दूध हिकडं." भिवराबाई वैजयंतीकडं बघून कसनुशी हसली, गाडगं परत ओढून घेतलं आणि पुढच्या दारानं आत गेली.

दुपारी नागेशच्या मुलीनं व्हिडिओ लावला. आत्या, बघ, म्हणाली. वैजयंतीला आधी आभाळ दिसलं, मग सुरूची झाडं, मग एका मोटारीचा आरसा. आई कुठं दिसली नाही. पोरीला आजीकडं फोन धरवत नव्हता बहुतेक. मंत्र ऐकू येत होते, मराठी वळणाचे, आणि मध्येच कुणीतरी क्रेओलमध्ये म्हणालं, गाडी मागं घ्या. मग नेट अडकलं. पडद्यावर कुणाचा तरी काळा बूट होता, चांगला पॉलिश केलेला, आणि तो बराच वेळ तिथंच राहिला. वैजयंतीनं त्या बुटाकडं बघत हात जोडले. आवाज येत नव्हता म्हणून तिनं मनातच विचारलं, झालं का? कुणाला विचारलं तेही तिला कळलं नाही. मग पडदा काळा झाला आणि त्यात तिला स्वतःचं कोरं कपाळ दिसलं. आपण आईसारख्या दिसतो असं सगळे म्हणायचे. तिनं निरखून पाहिलं. दिसत होती खरी.

दिवेलागणीला अव्वा खोलीत आल्या. दिव्याचं बटण त्यांनी दाबलं नाही. कोठीला हात टेकून उभ्या राहिल्या. "सकाळधरनं काय खाल्लं न्हाईस तू."

"पूजा नाही केली, अव्वा."

"ते दिसायलंय मला. का न्हाई केलीस?"

वैजयंतीनं सांगून टाकलं. रविवारचा फोन, दोघींचं हसणं, तीन दिवस, धरीन म्हटलं होतं ते. सांगताना तिला वाटलं, आता म्हणतील, गळ्यात लिंग बांधून घेतलंस तवा हे सुचलं न्हाई का. अव्वांनी मात्र तळव्यानं कोठीवरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, "माझी माय गेली तवा सण होता. चुडाव्याहून सांगावा आला. मी पुरण वाटायले होते. मामंजी म्हणले, आपल्यात काय सुतक नसतंय. मंग वाटलं पुरण. पोळ्या केल्या. लय मऊ झाल्यात म्हणले सगळे."

"तुम्ही रडलात, अव्वा?"

"कवा? ताटं वाढायची होती." अव्वांनी नाक ओढलं. "मी तुला आडवायली न्हाई. पर तू उपाशी आन् मी जेवले, असं मला जमंना गेलंय. आज मीबी न्हाई खाल्लं."

आणि त्या खाली बसायला लागल्या. गुडघा कटकन वाजला, एक हात भिंतीला, एक चटईला. वैजयंती घाईनं मागं सरकली. "अव्वा, शिवू नका. सुतक आहे मला." "तुला असंल. माझ्या गळ्यात लिंग हाय, मला कशाचं सुतक?" म्हणत अव्वांनी तिच्या मोकळ्या केसांवर हात ठेवला आणि डोकं सरळ मांडीवर ओढून घेतलं. जुन्या लुगड्याला विभूतीचा आणि शेळीच्या दुधाचा वास होता. वैजयंतीचं अंग आधी ताठ झालं. मग तिला वाटलं, कास्काव्हेलला आत्ता तीन दिवस कुणी मला हात लावला नसता, भावजयीनंसुद्धा नाही. जिथं रडायची मुभा होती तिथं जवळ घेणारं कुणी नसतं, आणि इथं मुभा नाही तर ही बाई मांडी देऊन बसलीय. मग तिला काही वाटेनासं झालं आणि ती रडली, सकाळपासून राहिलेलं सगळं. अव्वा थोपटत राहिल्या. त्यांचा हात जड होता आणि थोपटणं पोळपाटावर भाकरी थापल्यासारखं होतं.

जरा शांत झाल्यावर अव्वांनी विचारलं, "मी शिवले तर मोडतंय का गं तुझं?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. पण शब्द आईला दिलेला होता. "मोडतं," ती म्हणाली.

अव्वांनी हात काढला नाही. विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "मंग उद्यापून परत धर. तुला कोण मोजायलंय?"

त्या दोघींनी शेळीचं दूध तेवढं घेतलं. दुधाला पूजा लागत नाही असा निवाडा अव्वांनी तिथल्या तिथं केला. दुसऱ्या दिवशी वैजयंतीनं परत पहिला दिवस धरला. मल्लेश दारातून बघून गेला. त्या दिवशी तो आडतीवरून लवकर घरी आला. दिवेलागणीला अव्वा आल्या, गुडघा वाजवत खाली बसल्या आणि त्यांनी हात ठेवला. तिसऱ्या दिवशी परत पहिला. पुढं अव्वांना दुधावर किती दिवस ठेवायचं म्हणून ती उठली, विभूती लावली, पूजा केली, जेवली. महिन्याभरानं माणिकराव चौकशीला घरी आले, चहा घेतला, कागद पुढं ओढला आणि सवयीनं म्हणाले, "हं, गाव?" मग आपणच जीभ चावून परभणी लिहिलं. नवा पासपोर्टही आला. तो तिनं साड्यांच्या चळतीखाली त्याच जागी ठेवला, आणि हाताला तो अजून परका लागतो. बाकी सगळं आता रीतसर झालंय. आईचे तीन दिवस तेवढे पुरे व्हायचे राहिलेत. ती मनातल्या मनात ते धरते, कधी एक होतो, कधी दोन होतात. आणि मग एखाद्या संध्याकाळी अव्वा जवळ येऊन बसतात, केसांवर हात ठेवतात, आणि तिला परत पहिल्या दिवसापासून धरावं लागतं.